देखण्या विक्रेत्यासमोर खरेदी करताना: भुरळ आणि संकोच कसा टाळावा

दुकानात आपण वस्तू घेण्यासाठी जातो, परंतु ती वस्तू आपल्यापुढे येते एखाद्या माणसाच्या हातून. आणि तो माणूस देखणा, टापटीप व मृदू बोलणारा असेल, तर त्याने पुढे केलेली साडी अधिक तलम, हार अधिक नाजूक आणि मोबाइल अधिक भरवशाचा वाटू लागतो. यात विक्रेत्याचा दोष नाही आणि ग्राहक भोळा असतो असेही नाही. माणसाची पारख ज्या रीतीने चालते, त्या रीतीचाच हा भाग आहे. मात्र आपले कष्टाचे पैसे योग्य ठिकाणी जावेत असे ज्याला वाटते, त्याने ही रीत ओळखून घेतली पाहिजे, कारण तिचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. देखण्या माणसासमोर काही जण नको असलेली वस्तू घेऊन येतात, तर काही जण हवी असलेली वस्तू न मागताच परत फिरतात. दोन्हींच्या मुळाशी घाई आहे: एकाला होकार देण्याची घाई होते, दुसऱ्याला दुकानाबाहेर पडण्याची. ही घाई कशी आवरावी, हे येथे सांगायचे आहे.

कोकणपट्टीवर हा प्रश्न एके काळी फारसा जाणवत नसे. सावंतवाडी, मालवण, राजापूर किंवा दापोलीच्या बाजारपेठेत दुकानदार स्वतः गल्ल्यावर बसे, त्याचे घरदार गिऱ्हाइकाला ठाऊक असे, आणि कापड वाईट निघाले तर पुढच्या बाजाराला त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचे आहे, याची जाणीव त्यालाही असे. अशी दुकाने आजही आहेत आणि ती टिकावीत असे मला मनापासून वाटते. पण त्यांच्या जोडीला रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, अलिबाग येथे काचेची दालने उभी राहिली आहेत. तेथे समोर उभा राहणारा तरुण किंवा तरुणी पगारावर आणि बऱ्याचदा विक्रीच्या ठरवून दिलेल्या उद्दिष्टावर काम करते. त्यांची आपली पूर्वओळख नसते, त्यामुळे विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्यासाठी आपल्याजवळ उरते ते केवळ त्यांचे दिसणे आणि बोलणे. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, चाकरमानी गावी पोहोचल्यावर घरातली सगळी मंडळी एकदम खरेदीला निघतात, तेव्हा वेळ कमी व गर्दी जास्त असल्यामुळे दिसण्यावरून ठरवण्याचा मोह आणखी वाढतो.

मनात नेमके काय घडते

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाईक यांनी १९२० मध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण वेगवेगळे द्यायचे असूनही ते एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. एका गुणात जो चांगला वाटला, तो बाकीच्या गुणांतही चांगला ठरवला गेला होता. पुढे १९७२ मध्ये कॅरेन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी लोकांना केवळ छायाचित्रे दाखवून त्या व्यक्तींच्या स्वभावाविषयी विचारले, तेव्हा देखण्या चेहऱ्यांना अधिक चांगला स्वभाव आणि अधिक सुखाचे आयुष्य बहाल करण्यात आले. चेहऱ्यापलीकडे त्या माणसांविषयी काहीही ठाऊक नसताना हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र या परिणामाला मर्यादाही आहे आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती फार उपयोगाची आहे. १९९१ मध्ये अ‍ॅलिस ईगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात असे दिसले की देखण्या व्यक्तीला लोक मुख्यतः मिळून-मिसळून वागणारी समजतात, काही प्रमाणात हुशारही समजतात, पण तिला अधिक सचोटीची समजतात असे जवळजवळ दिसत नाही. याचा दुकानातला अर्थ असा, की समोरचा माणूस आपल्याला फसवणार नाही अशी खात्री त्याच्या रूपामुळे होत नाही. त्याच्याशी बोलणे सुखाचे वाटते, ते बोलणे मोडावेसे वाटत नाही, आणि त्याला नकार देणे अवघड जाते. म्हणून ‘याच्यावर विश्वास ठेवावा का?’ या प्रश्नापेक्षा ‘मी नकार द्यायचा टाळतो आहे का?’ हा प्रश्न स्वतःला विचारलेला अधिक कामाचा.

वस्तूलाही माणसाचे रूप चिकटते. जेनिफर आर्गो, डॅरेन डाल आणि आंद्रेआ मोरालेस यांच्या २००८ मधील अभ्यासात, एखादा सदरा आपल्याआधी कोणी अंगावर घालून पाहिला हे ग्राहकाला कळेल अशी व्यवस्था केली होती. घालून पाहणारी व्यक्ती ग्राहकाहून भिन्नलिंगी आणि आकर्षक असेल, तर तोच सदरा ग्राहकांना अधिक आवडला. उलट दिशेचा पुरावा लिसा वान आणि रॉबर्ट वायर यांनी २०१५ मध्ये हाँगकाँगमधून मांडला. नेहमीच्या खरेदीत आकर्षक विक्रेता ग्राहकाला जवळ ओढतो, पण वस्तू लाजेची असेल तर तोच विक्रेता ग्राहकाला दूर ढकलतो, कारण अशा माणसासमोर आपली छाप कशी पडते याची चिंता वाढते. हाँगकाँगसारख्या महानगरात, जेथे विक्रेता पुन्हा भेटण्याची शक्यताही कमी, तेथे हे घडत असेल, तर जेथे औषधाच्या दुकानातली मुलगी आपल्या शेजारच्या वाडीतली असते, तेथे ते किती अधिक घडत असेल याची कल्पना करता येते.

घरून निघण्यापूर्वी

दुकानात शिरल्यावर ठरवायच्या गोष्टी जितक्या कमी, तितका समोरच्या माणसाचा प्रभाव कमी. म्हणून काय घ्यायचे, कोणासाठी, जास्तीत जास्त किती रुपयांपर्यंत आणि कोणत्या एका गोष्टीवर तडजोड करायची नाही, हे कागदावर लिहून तो कागद खिशात ठेवावा. मोबाइलवर लिहिले तरी चालते, पण कागद हातात धरून उभ्या असलेल्या ग्राहकाशी विक्रेताही अधिक मुद्द्याचे बोलतो असा माझा अनुभव आहे. जोडीला घरातले एखादे माणूस न्यावे, आणि ते शक्यतो असे असावे की ज्याला ती वस्तू घ्यायची घाई नाही. लग्नाच्या बस्त्याला पूर्वीपासून एखादी काकू किंवा आत्या सोबत नेण्याची पद्धत आहे, तिच्यामागे हा शहाणपणा आहे: मुलगी आरशात रमते, विक्रेता कौतुक करतो, आणि काकू काठाची वीण पाहत असते.

दागिना घेताना

सर्वाधिक सावधगिरी सराफाच्या दालनात लागते, कारण तेथे रक्कम मोठी असते आणि वस्तू अंगावर घालून दाखवली जाते. विक्रेती स्वतःच्या गळ्यात हार धरून दाखवते तेव्हा आपण हार पाहत नसतो. तिचा गळा, तिची कांती आणि वरून पडणारा पिवळसर प्रकाश या सर्वांसह हार पाहत असतो. तेव्हा तिला नम्रपणे सांगावे, “ताई, तो ट्रेमध्येच ठेवा, मी हातात घेऊन बघते.” आधी ट्रेमध्ये, मग हातात, मग स्वतःच्या गळ्यात, आणि शेवटी दुकानाच्या दाराजवळ उजेडात, अशा क्रमाने पाहावे. आरशासमोर असताना विक्रेतीला दोन पावले मागे राहण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. शेजारी देखणा चेहरा असला की आपण नकळत तुलना करतो, मन उदास झाले तर ती उदासी झाकण्यासाठी भारीतला दागिना घेतला जातो, आणि मन सुखावले तर त्याचे श्रेय हाराला दिले जाते. दोन्ही वेळी हाराचा स्वतःचा विचार मागे पडतो.

त्यानंतर रूपाशी ज्यांचा काही संबंध नाही असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून मागावीत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेला सोन्याचा दागिना विकताना त्यावर अंक व अक्षरे मिळून सहा खुणांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असणे बंधनकारक आहे. दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक अशा तीन खुणा असाव्यात. २२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५० आणि १४ कॅरेटसाठी ५८५ हा शुद्धतेचा आकडा असतो. ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता आणि नोंदणी तेथल्या तेथे पाहता येते. खुणा फार बारीक असतात, म्हणून दुकानातले भिंग मागून घ्यावे. ते द्यायला जो माणूस कुरकुर करील, त्याच्या गोड बोलण्याचा विचार पुन्हा करावा.

घडणावळीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, कारण ग्राहक तिथेच गप्प बसतो. घडणावळ ग्रॅममागे ठरावीक रुपयांत आहे की सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत, हे स्पष्ट विचारावे. टक्क्यांत असेल तर सोन्याचा भाव वाढला की कारागिराचे काम तेवढेच राहूनही घडणावळ आपोआप वाढते. दागिना पुढे मोडीत काढताना घडणावळ परत मिळत नाही, खडे असतील तर त्यांचे वजन सोन्यात धरले जाऊ नये, आणि म्हणून खडे वगळून सोन्याचे निव्वळ वजन किती हे वेगळे लिहिलेले असले पाहिजे. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर वस्तूचे वर्णन, निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचे शुल्क हे वेगवेगळे दाखवायचे असते. हे सर्व एका कागदावर घेऊन, “आम्ही जेवून येतो,” असे सांगून बाहेर पडावे. जवळच्या खानावळीत बसून तो कागद वाचताना हार डोळ्यांसमोर नसतो, विक्रेतीही समोर नसते, आणि आकडा मात्र असतो. त्या अर्ध्या तासानंतरही दागिना हवासा वाटला तर तो खुशाल घ्यावा.

साडी, प्रसाधने आणि मोबाइल

साडीच्या जुन्या दुकानात गादीवर बसलेला पुरुष विक्रेता स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून साडी दाखवतो, ही पद्धत मला फार चांगली वाटते. त्याच्या अंगावर ती साडी कशी दिसते याचा विचार कोणी करीत नाही, त्यामुळे नजर पदराच्या नक्षीवर, काठावर आणि रंगावरच राहते. नव्या दालनांत नेसवलेल्या साड्या आणि त्या नेसलेल्या तरुणी दोन्ही असतात. तेथे तीच साडी घडी उलगडून टेबलावर पसरायला सांगावी, उलटी बाजू पाहावी, आणि धागा कोणता व धुलाई कशी करायची हे विचारावे. कोकणातील दमट पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या जरीला काय होते, हे तेथल्या विक्रेत्याला नेमके सांगता येत असेल तर तो चांगला विक्रेता, मग तो दिसायला कसाही असो.

प्रसाधनांच्या काउंटरवर विक्रेतीची कांती हीच जाहिरात असते, आणि ती कांती त्या मलमामुळे आली आहे असे कोणी शब्दांत सांगितलेले नसते. ते आपण गृहीत धरतो. म्हणून वस्तू आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बाजारातली बाकीची कामे उरकावीत आणि परत येऊन ठरवावे. डबीवरील मुदत वाचावी. मोबाइलच्या दुकानात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: समोरचा हसतमुख मुलगा कधी कधी दुकानाचा नोकर नसून एखाद्या कंपनीने तेथे नेमलेला प्रतिनिधी असतो, आणि आपल्या कंपनीचा फोन खपवणे हेच त्याचे काम असते. “दादा, तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?” एवढे सरळ विचारले की तो खरे सांगतो, आणि त्याच्या शिफारशीला किती वजन द्यायचे हे आपल्याला कळते.

संकोचामुळे वस्तू राहून जाते तेव्हा

भुरळीने पैसे जातात. संकोचाने तब्येत जाऊ शकते, म्हणून हा भाग मला अधिक गंभीर वाटतो. सॅनिटरी पॅड, निरोध, मूळव्याधीचे मलम, अंतर्वस्त्रे, केस गळण्यावरचे औषध अशा वस्तू घेताना समोर देखणी व्यक्ती, त्यातही भिन्नलिंगी, उभी असली की अनेक माणसे डोकेदुखीची गोळी घेऊन घरी परततात. लहान गावात ही लाज दुप्पट होते, कारण विक्रेता ओळखीचा असतो किंवा त्याच्या आईला आपली आई ओळखत असते. काही जण यासाठी दुसऱ्या तालुक्याच्या गावी जातात. वर्षातून एकदा घ्यायच्या वस्तूसाठी ते चालून जाईल, दर महिन्याच्या वस्तूसाठी ते परवडत नाही.

यावर साधा उपाय म्हणजे चिठ्ठी. वस्तूचे नाव, कंपनी, आकार किंवा मात्रा चिठ्ठीवर लिहून ती पुढे करावी; बोलण्याची गरजच उरत नाही. दुपारच्या जेवणानंतर बाजार निवांत असतो, ती वेळ निवडावी. औषधाविषयी प्रश्न असेल तर “फार्मासिस्ट कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचे आहे,” असे थेट म्हणावे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे, तेव्हा काउंटरवर उभ्या असलेल्या मदतनिसाऐवजी त्यांना विचारणे हे संकोचाचे नव्हे तर रीतसर वागणे होय. औषध किती वेळा घ्यायचे, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि चालू असलेल्या इतर गोळ्यांसोबत चालेल का, हे चार प्रश्न चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे लाजेच्या भरात ते राहून जाणार नाहीत. अंतर्वस्त्रांच्या दुकानात, आपल्याला ज्यांच्याशी बोलणे सोपे वाटते त्या विक्रेतीला किंवा विक्रेत्याला बोलवावे. तसे सांगण्याने समोरच्याचा अपमान होत नाही, आणि समजदार दुकानात लगेच माणूस बदलून दिला जातो.

चव घेऊन पाहण्याच्या दुकानात

मालवण, गणपतीपुळे, मुरूड किंवा महामार्गावरील कोकणी मेव्याच्या दुकानांत पर्यटकाचे स्वागत आंबापोळीच्या तुकड्याने किंवा काजूच्या बशीने होते. बशी पुढे करणारी मुलगी हसून, “खाऊन तर बघा काका,” म्हणते, आणि खाल्ल्यावर रिकाम्या हाताने निघणे जड जाते. चव जरूर घ्यावी, पण ती कोणत्या बरणीतली आहे आणि पाकिटात तोच माल आहे का, हे विचारून घ्यावे. काजूवर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशी प्रत लिहिलेली असते. हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, अंदाजे किती अख्खे काजूगर बसतात ते दाखवतो, त्यामुळे आकडा जितका लहान तितका काजू मोठा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि कोकम सरबत या दोन वेगळ्या वस्तू आहेत: आगळात मीठ असते, सरबताच्या पाकात साखर, बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नये. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हा भाग येतो. पेटीवर केवळ गावाचे नाव छापलेले पुरेसे नाही; बागायतदार कोण हे विचारावे, आणि पेटीच्या वरच्या थरासोबत खालचा थरही गवत बाजूला करून पाहावा.

आपल्याकडच्या मासळी बाजारात मात्र असा घोळ होताना दिसत नाही, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. कोळीण कितीही तेजस्वी असो, कितीही लाघवी बोलो, गिऱ्हाईक आधी कल्ले उचलून लाल आहेत का ते पाहते, डोळा चकचकीत व फुगीर आहे का ते बघते, बोट दाबून मांस परत वर येते का ते तपासते, आणि मगच भावाची गोष्ट काढते. पारखण्याची खूण गिऱ्हाइकाच्या हाताला माहीत असल्यामुळे विक्रेत्याच्या रूपाला तेथे जागाच मिळत नाही. सुरमई घेताना आपल्याजवळ जे ज्ञान असते, ते सोने, फोन आणि मलम घेताना नसते; ते मिळवणे हाच भुरळीवरचा टिकाऊ इलाज आहे.

दुकानदारांनी काय करावे

‘दिसायला स्मार्ट मुलगी पाहिजे’ अशा जाहिराती आपल्याकडे अजूनही सर्रास दिसतात. त्या देणाऱ्या मालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की चेहऱ्याकडे पाहून नेमलेला माणूस गिऱ्हाइकाला आत आणील, पण ‘ही साडी कितव्या धुण्याला रंग सोडेल?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसेल, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. कोकणातला धंदा वर्षानुवर्षे येणाऱ्या घरांवर चालतो. नेमणुकीच्या वेळी उमेदवाराच्या हातात दोन वस्तू द्याव्यात आणि त्यांतला फरक समजावून सांगायला लावावा. अर्जासोबत पूर्ण उंचीचा फोटो मागण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे. रूपावरून माणसे निवडण्याच्या नादात रंग आणि जात यांचा भेद कधी शिरतो, ते मालकालाही कळत नाही. अमेरिकेतील अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीवर, विशिष्ट गोऱ्या रूपाच्या तरुणांना दर्शनी कामे देऊन इतरांना डावलल्याचा दावा दाखल झाला होता. २००४ मध्ये कंपनीने सुमारे ४ कोटी डॉलर देऊन तो मिटवला आणि नेमणुकीच्या पद्धती बदलण्याचे मान्य केले.

कोणाला कोठे उभे करायचे, याचाही विचार हवा. औषधे, अंतर्वस्त्रे, तब्येतीशी निगडित वस्तू यांच्या काउंटरवर पोक्त, शांत आणि कमी बोलणारे माणूस असावे, किंवा ग्राहकाला स्वतः उचलून घेता येतील अशा रीतीने त्या वस्तू मांडाव्यात आणि पिशवी न विचारता अपारदर्शक द्यावी. आरशाजवळ विक्रेत्याने रेंगाळू नये. मालवणीत बोलणाऱ्या आजीशी मालवणीत बोलणारे कोणीतरी दुकानात असावे. तिला त्याने जितका दिलासा मिळेल तितका गुळगुळीत प्रमाणभाषेतल्या स्वागताने मिळणार नाही.

आणि दिवसभर उभे राहून हसणे हे कष्टाचे काम आहे, याची जाणीव ठेवावी. कामाचा भाग म्हणून चेहऱ्यावर विशिष्ट भाव राखावा लागणे यालाच समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम असे म्हटले. कापडदुकानांतील स्त्रियांच्या आंदोलनानंतर केरळने २०१८ मध्ये आणि पुढे तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट न पाहता काउंटरमागे एक स्टूल ठेवावे.

विक्रेत्याशी वागताना

ग्राहक म्हणून आपल्यावरही काही बंधन आहे. विक्रेतीचे हसणे हा तिच्या कामाचा भाग आहे; त्यातून मैत्रीचा अर्थ काढून तिचा खाजगी नंबर मागणे, वस्तूचा फोटो काढण्याच्या निमित्ताने तिचा फोटो घेणे, तिच्या दिसण्यावर टिप्पणी करणे, हे सर्व तिला नोकरी सांभाळून निमूट सोसावे लागते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा प्रसंगांनाही लागू होतो, कारण बाहेरून येणाऱ्या माणसांपासून सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकलेली आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर दुकानात अंतर्गत समिती असली पाहिजे, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पर्यटनाच्या हंगामात बाहेरगावची टोळकी दुकानात शिरतात तेव्हा आपण तेथे उभे असलो, तर आवाज चढवण्याची गरज नसते. “दादा, त्यांना त्यांचे काम करू द्या,” एवढे म्हणणारा एक ग्राहक पुरतो. आणि वस्तू नको असेल तर तसे लवकर व स्पष्ट सांगावे. उगाच दहा साड्या उलगडायला लावून शेवटी “बघू” म्हणण्यापेक्षा, “दाखवल्याबद्दल आभारी आहे, आज घेत नाही,” हे वाक्य दोघांचाही वेळ वाचवते.

घरी आल्यावर

बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. वस्तू सदोष निघाली तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत, ती परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा त्याच कायद्याखाली अनुचित प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराच्या कामी येत नाही. मात्र वस्तू निर्दोष आहे आणि केवळ भुरळीत घेतली म्हणून पस्तावा होतो आहे, अशा वेळी हा कायदा मदतीला येत नाही. तेथे दुकानाचे स्वतःचे बदलून देण्याचे धोरण काय आहे, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून बिलावर लिहून घेतलेले असावे.

तक्रार करायची झाल्यास पिशवी, वस्तूवरची खूणचिठ्ठी (टॅग) आणि बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी जावे. ज्या विक्रेत्याने वस्तू विकली त्याच्याकडे न जाता सरळ मालकाकडे किंवा व्यवस्थापकाकडे जावे, कारण त्या विक्रेत्याला निर्णयाचा अधिकार नसतो आणि त्याच्याशी बोलताना पहिल्या दिवशीचाच भिडस्तपणा पुन्हा आड येतो. मालकानेही दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; फोन करताना बिलाचा क्रमांक, तारीख आणि दुकानाचे पूर्ण नाव हाताशी ठेवावे.